भावानं बिबट्या पाळलाय म्हणे!

"काय गं, तुझ्या भावानं नाशकात बिबट्या पाळलाय म्हणे?"

मी अंगणात सडा टाकत होते. निरगुडीच्या कुंपणावरून काकूंचं डोकं वर आलं आणि हा बॉम्ब पडला. आमच्या जामसरात जव्हारची एसटी आली की आधी बातम्या उतरतात, मग माणसं.

"बिबट्या नाही हो काकू. मांजर आहे, बेंगॉल जातीचं."

"मांजरालाही जात असते?"

"म्हशीला असते, कोंबडीला असते, मग मांजरानंच काय घोडं मारलंय?"

मोबाइलवरचा फोटो कुंपणावरून पुढे केला. काकूंनी पदरानं चष्मा पुसला. "अगं बाई, अंगावर फुलं तर बिबट्यासारखीच आहेत. पोटावरसुद्धा ठिपके!"

"पोटावर ठिपके हवेतच, तसा त्या जातीचा नियम आहे. आणि उन्हात बसला की केसांच्या टोकांवर सोन्याची भुकटी टाकल्यासारखा चमकतो."

"भरतो किती?"

"मोठा बोका सहा-सात किलोपर्यंत."

"म्हणजे तीन गावठी कोंबडे! आणि स्वभावाला?"

"भाऊ रडकुंडीला आलाय. घटकाभर स्वस्थ बसेल तर शपथ. आत्ता कपाटावर, मग पडद्यावर. त्यात पाण्याचं वेड. न्हाणीतला नळ सोडला की माणसाआधी हा खाली. बादलीत पंजा बुडवून खेळत बसतो. म्यावपेक्षा चिवचिव जास्त, आणि एकटा ठेवला तर घर डोक्यावर घेतो."

"पाण्यात जाणारं मांजर? मग बदकच पाळायचं होतं की. पण खरं सांग, रक्त कुणाचं आहे त्याच्यात?"

"रानमांजरीचं. आपल्या देशापासून पार इंडोनेशियापर्यंत ठिपक्यांची एक रानमांजर आहे, इंग्रजीत तिला लेपर्ड कॅट म्हणतात. शास्त्रीय नावात तिच्या बंगाल आहे, म्हणून ही बेंगॉल. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंकडे अशी एक मांजर होती. १९६३ साली तिला काळ्या पाळीव बोक्यापासून पिल्लू झालं. मध्ये नवरा वारला, काम थांबलं. पुढे १९८० मध्ये विलर्ड सेंटरवॉल नावाच्या डॉक्टरांकडून त्यांना अशीच मिश्र रक्ताची मांजरं मिळाली. ते डॉक्टर मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करत होते. पण अडचण अशी, की पहिल्या दोन-तीन पिढ्यांतले बोके वांझ निघतात."

"खेचरासारखं!"

"अगदी तसंच. म्हणजे पाळीव जातीचा चांगला बोका हवाच. तो कुठे मिळाला, सांगा बघू?"

"विलायतेत."

"दिल्लीत! १९८२ साली बाई तिथलं प्राणिसंग्रहालय बघायला आल्या होत्या. गेंड्याच्या आवारात एक बेवारशी बोका राहायचा. तांबूस अंग, त्यावर गडद ठिपके. तोच त्यांनी अमेरिकेला नेला. कागदावर त्याचं नाव लागलं 'मिलवुड टोरी ऑफ दिल्ली'. ती सोन्याची चमक त्याच्याकडूनच आली म्हणतात. १९९१ पासून ही जात तिकडच्या प्रदर्शनांत किताबासाठी उतरते, आणि बहुतेक बेंगॉलांची वंशावळ या दिल्लीकराशी जाऊन भिडते."

काकूंनी वळून आपल्या कौलांवर पसरलेल्या मनीकडे पाहिलं. "गेंड्याच्या गोठ्यातला बोका कुळपुरुष झाला. आणि ही घरातले सगळे उंदीर मारते, तरी हिला काळं कुत्रं विचारत नाही."

"पण काकू, ठिपके म्हटले की रानटी रक्त असतंच असं नाही. ऑसिकॅट म्हणून एक जात आहे. १९६४ मध्ये मिशिगनात अ‍ॅबिसिनियन आणि सयामी मांजरांच्या संकरात एक ठिपक्यांचं पिल्लू आपसूक निघालं. टोंगा त्याचं नाव. विकलं दहा डॉलरला."

"आणि तुझ्या भावानं किती मोजले?"

"तो आकडा विचारू नका. वहिनी अजून त्याच्याशी धड बोलत नाही."

काकू हसल्या, मग एकदम आवाज उतरवून कुंपणाला चिकटल्या. "खरं तर मी वेगळंच विचारायला आले होते. वरच्या पाड्यावर काल गवत कापताना ठिपक्यांची दोन पिल्लं सापडली. आधी बिबट्याची म्हणून सगळे पळाले. आता एक पोरगा म्हणतोय, शहरात याचे पैसे होतात. तुझ्या भावासारखी हौशी माणसं आहेतच."

माझ्या हातातली बादली खाली आली. "काकू, ती वाघाटीची असणार. जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक ती. पुरी वाढली तरी दीड किलोच्या आसपास. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून कुठेच नाही. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात तिच्या पैदाशीसाठी वेगळं केंद्र काढलं होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच यादीत तिचं नाव आहे. विकायला गेला तर पोरगा तीन वर्षं तरी आत."

"मग करायचं काय?"

"जिथे सापडली तिथेच ठेवायची. जुन्नरकडे ऊसतोडीत अशी पिल्लं नेहमी निघतात. वनखात्याची माणसं ती त्याच शेतात टोपलीत ठेवून लांब थांबतात. अंधार पडला की आई येते, एकेक तोंडात धरून नेते."

काकूंनी पदर खोचला. "वाघबारशीला वाघोबापुढे नारळ फोडायचा, आणि त्याच्या मावशीची पोरं बाजारात विकायची? थांब, बघतेच त्या पोराकडे." आणि भाकरी तव्यावर टाकून आलेली ही बाई तशीच पाड्याच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सडा टाकायच्या आधीच कुंपण हललं. "नेली गं! रात्री टोपली रिकामी झाली. पोरगा आता सगळ्यांना सांगत सुटलाय की आयडिया त्याचीच." मग जरा थांबून म्हणाल्या, "भाकरी मात्र करपली काल."

काकूंचा निकाल तुमच्यापर्यंतही पोचवते, कारण सध्या गवताची आणि भाताची कापणी चालू आहे. ठिपक्यांची हौस असेल तर घरच्या मांजरावर भागवा. रानात पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका, आणि वनखात्याला १९२६ वर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.