कावळेसर

सिडकोत त्यांना सगळे कावळेसर म्हणतात. आडनाव वेगळंच आहे. वाळूजच्या एका कारखान्यात डेटाबेस सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस. कोरा कागद दिसला की त्यावर दोन चौकटी काढणार, मध्ये रेघ ओढणार आणि एका टोकाला तीन बोटांचा कावळ्याचा पाय उमटवणार. "कावळा शिवला तिकडे अनेक. ग्राहक एक, बिलं अनेक. काय?"

देवघराशेजारी एडगर कॉड यांचा फोटो आहे. १९७० साली आयबीएममध्ये असताना ज्यांनी ही टेबलांची विद्या मांडली, ते. काकू दसऱ्याला त्यांनाही हार घालतात.

मायएसक्यूएल वर्कबेंच या सॉफ्टवेअरमध्ये अशा चौकटी जोडताना सलग रेघ आणि तुटक रेघ यांत फरक आहे. बिलाशिवाय बिलातल्या ओळीला ओळखच नाही, म्हणून सलग. ग्राहकाचं आणि बिलाचं नातं तुटक, कारण बिलाला स्वतःचा नंबर असतो. इथवर ठीक. पण लग्नाच्या पंगतीत सर ओळख करून देतात, "हे आमचे साडू. तुटक रेघ." साडू दोन वर्षं बोलत नव्हते. अनेकांचं अनेकांशी नातं असलं की सॉफ्टवेअर मध्ये आपणहून तिसरं टेबल घालतं, हे सर वधूवर मेळाव्यात सांगायला गेले होते. तिथून त्यांना आदराने चहा पाजून बाहेर आणलं.

मात्र २०२३ साली शहराचं नाव बदललं आणि सरांचा भाव वधारला. कारखान्यात त्यांनी गावांचं टेबल पूर्वीच वेगळं ठेवलेलं. तिथे एक ओळ बदलली, हजारो बिलं सुधारली. आमच्या सोसायटीचा प्रोग्राम चिटणिसांच्या पुतण्याने केलेला. त्यात दर पावतीवर गावाचं नाव हाताने टाइप केलेलं, तेही तीन तऱ्हांनी. शिवाय रकान्यात जागा २० अक्षरांची आणि नवं नाव इंग्रजीत २५. महिनाभर पावत्यांवर नुसतं 'छत्रपती संभाजी' छापून आलं, नगर हद्दीबाहेर! सर पावती घेऊन दारोदार हिंडले. इतका आनंद त्यांना मुलीच्या लग्नातही झाला नसेल.

त्यांचा जीव अडकतो तो पुसण्यात. "मूळ ओळ पुसली की कॅस्केडने पोरंबाळंही जातात. म्हणून मी रिस्ट्रिक्ट ठेवतो." गच्चीवरचा मोडका कूलर याच नियमावर तीन उन्हाळे टिकला. काकू म्हणायच्या, भंगारात द्या. सर म्हणायचे, त्याच्यावर स्टँड, पंप आणि वाळ्याच्या ताट्या अवलंबून आहेत. आधी त्यांची सोय लावा.

परवा सर बँकेत गेले असताना काकूंनी भंगारवाल्याला वर बोलावलं आणि कूलर, स्टँड, पंप, ताट्या एकदमच तोलून दिल्या. वर कॉडसाहेबांसाठी नवी फ्रेम आणली.

संध्याकाळी सर गच्चीवर जाऊन आले. फ्रेमकडे बघितलं, चहा घेतला आणि म्हणाले, "बॅकअप घेतला होतास का?"