काळी दोन, पांढरी दोन

“आबा उठले काय गे वयनी?”

“खंयचे उठतत! साडेसाताक इले. चाय पण नको म्हणाले. पेटी चुलीकडे ठेवल्यानी आणि आडवे झाले.”

“चुलीकडे? म्हणजे भिजली की काय?”

वहिनींनी हातातला खराटा गडग्याला टेकवला. त्यांचा खराटा एकदा टेकला की परडं झाडायचं राहतं आणि मला अर्ध्या जिल्ह्याची खबर मिळते. मीही फवारणीचा पंप खाली ठेवला. तसंही फवारून उपयोग काय? मार्गशीर्ष निम्मा सरला तरी आभाळ उघडायचं नाव नाही. थंडी चांगली पडली होती, कलमांना मोहोर भरगच्च फुटला होता, आणि नेमकं तेव्हाच मळभ आलं. मळभ आलं की तुडतुडे आले. मोहोर चिकट होतो, काळा पडतो, आणि एप्रिलात वाशीला काय पाठवायचं ते डिसेंबरातच कळून चुकतं. मुंबईची माणसं म्हणतात, कोकणात थंडी ती काय असणार! त्यांना एकदा पहाटे चार वाजता देवळाच्या मांडावर दंवात बसवायला हवं.

आबा बसतात तिथे. दशावताराला पेटीवर. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला एकेका गावाच्या जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा झाली की आबांच्या घराचं घड्याळ फिरतं. माणूस दिवसा झोपतो आणि रात्री टेम्पोत बसून जातो. वैशाखापर्यंत हे असंच. मिरगाचा पाऊस पडला की मग हेच आबा गुडघाभर चिखलात तरवा लावताना दिसतात, आणि ओळखू येत नाहीत, कारण उजेडात त्यांना पाहायची आम्हाला सवयच उरलेली नसते.

“भिजूक नाय,” वहिनी म्हणाल्या, “पण एक पट्टी दाबली की वर येयना. लाकूड फुगला.”

दमट हवेत पेटीची ही दुखणी ठरलेली. पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, पितळी सुरांवर हिरवट थर चढतो, भात्याला बारीकशी चीर पडून फुस्स आवाज यायला लागतो. म्हणून हिवाळ्यात आबांच्या पेटीची बडदास्त एखाद्या बाळंतिणीसारखी असते. आत कापराच्या वड्या, वर जुनं लुगडं, त्याच्यावर गोधडी. “गोधडी पेटीक आणि माका चादर,” हे वहिनींचं वाक्य मी दर थंडीत ऐकतो. लग्नात आलेली गोधडी आहे म्हणे ती.

इतक्यात समोरच्या परड्यातून काकी आल्या. ‘पेटी’ हा शब्द त्यांनी त्यांच्या विहिरीवरून ऐकला असणार. काकींना ऐकू कमी येतं अशी त्यांच्या सुनेची समजूत आहे.

“मी होतंय थंय,” काकींनी आल्या आल्या जाहीर केलं. “सगळा बघलंय. हिका काय्येक म्हायती नाय.”

मग वहिनी गप्प बसल्या, कारण जत्रेला गेलेल्या माणसासमोर न गेलेल्या माणसाचं काय चालणार?

पालखीची प्रदक्षिणा आटपायला साडेबारा झाले होते. नंतर नाटक. गणपती येऊन गेला, रिद्धी-सिद्धी नाचून गेल्या, काळ्या वेषातल्या संकासुरानं पुढे बसलेल्या पोरांना घाबरवून घेतलं आणि आख्यान लागलं. “राजा पयला पद म्हणूक लागलो आणि माझ्या नाकार थेंब पडलो,” काकी म्हणाल्या. “माका वाटला, दंव. मगे दुसरो पडलो. मगे काय, धो धो!”

डिसेंबरातला पाऊस आम्हाला अगदीच नवा नाही. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा देवबागेत समुद्र घरांपर्यंत आला होता आणि इकडे जत्रांचे मंडप गळत होते. पण पावसाची आठवण असली म्हणून कुणी जत्रेला छत्री घेऊन जात नाही. माणसं घोंगड्या, गोणपाटं डोक्यावर घेऊन उठली आणि जिथे छप्पर होतं तिथे घुसली. छप्पर होतं फक्त नाटकाच्या मांडावर.

आता दशावताराचा रंगमंच म्हणजे काय, तर एक बाकडा. सिंहासन तोच, पलंग तोच, डोंगरही तोच. त्या बाकड्याच्या चारी बाजूंना खाज्याच्या पुड्या हातात घेऊन गाव बसला. राजा युद्धाला निघाला तर पाऊल टाकायला जागा नाही. राक्षसानं आरोळी ठोकली तेव्हा त्याच्या काखेखाली कुणाचं तरी मूल झोपलं होतं. राणीचं काम करणाऱ्या स्त्रीपार्टी नटाचं काजळ ओघळून मिशीच्या जागी आलं, आणि काकींचं म्हणणं असं की रात्रीत सगळ्यात जास्त हशा तिथे पिकला. पण नाटक थांबलं नाही. जत्रेचं नाटक थांबवत नाहीत. पहाटे दहीकाला झाल्याशिवाय देवाची रात्र पुरी होत नाही. मग समोर हजार माणसं असोत की मांडावर चढून बसलेली साठ.

“आणि तेवड्यात,” काकींनी आवाज उतरवला, “हिच्या घोवाचा आणि भावाचा वाजला.”

खरी बातमी ही होती. वहिनींनी खराटा उचलला, पण झाडायला नाही. तो नुसता या हातातून त्या हातात घेतला.

वहिनींचा भाऊ, म्हणजे सगळ्या वाडीचा मामा, त्याच नाटकात पखवाजावर असतो. पेटीवर भावोजी, पखवाजावर मेव्हणा, मध्ये झांजेवर एक गरीब तालरक्षक. अशी बैठक आज कित्येक वर्षं आहे. काकींनी डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच: मामानं मध्येच हातोडी आपटून ठेवली, पेटीकडे पाठ करून बसला आणि पुढचं सगळं नाटक भैरवीपर्यंत तसाच वाजवत राहिला. सकाळी टेम्पोतही पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. काय बिनसलं ते काकींना कळलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होत होता.

“पैशावरून असतला,” त्या म्हणाल्या. “नायट कमी गावली असतली.”

“नायट पुरी गावली,” आतून आवाज आला.

आबा उठले होते. मफलर, कानटोपी, हातात चहाचा पेला, असे येऊन ते पायरीवर बसले. दशावताराला लिहिलेलं नाटक नसतं. रंगवून घेता घेता कथानक ठरतं आणि पुढचं तोंडातोंडी चालतं. कुठल्या वाक्यावर पद येणार हे पेटीवाल्याला नटाच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. इतकी वर्षं चेहरे वाचल्यामुळे आबांना आमच्या तिघांचे चेहरे वाचायला वेळ लागला नाही.

“मामान पाठ केल्यान ता खरा,” त्यांनी फुंकर घातली. “पण तेची चूक नाय. म्हणजे तशी चूक हा. पण नाय.”

मग जे कळलं ते असं. राजपार्टी नट ओळीनं रोज रात्री उभा आहे, थंडी, धूळ, टेम्पोतला वारा. त्याचा गळा बसायला आलेला. पहिलं पद त्यानं नेहमीच्या काळी दोनमध्ये घेतलं आणि वरच्या षड्जाजवळ येऊन दोनदा मागे फिरला. लोकांना वाटलं, लकब. आबांना कळलं की पुढच्या पदात हा माणूस फाटणार. त्या पदात राजा विलाप करतो. तिथे आवाज चिरकला तर काजळापेक्षा मोठा हशा.

इकडे मामाची वेगळीच कथा. पखवाजाचं चामडं दमट हवेत सैल पडतं आणि सूर उतरतो. तिन्हीसांजेपासून तो गजऱ्यावर वरून हातोडी घालून सूर चढवत होता, आणि तासाभरानं दंव परत उतरवत होतं. डाव्या पुडीवरची कणीक सुकायचं नाव घेत नव्हती, चिकचिक करत होती. शेवटी पाऊस लागल्यावर तर पखवाज पार बसला. विनोदी पार्ट लांबला तशी मामानं संधी साधली. पखवाज उचलला, मंडपाच्या कडेला चहावाल्याच्या शेगडीशी नेला, अंगावरची शाल आडोशाला धरून शेकवला, ठोकला, आणि बरोब्बर काळी दोनला आणून घाम पुसत परत येऊन बसला.

आणि आबांनी पद दिलं पांढरी दोनमध्ये.

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांना सासर-माहेर दोन्ही सांभाळायचं होतं.

“अर्धा सूर खाली,” आबा म्हणाले. “राजाक कळूकच नाय. पद सरळ गेला. लोकांनी नोटी लावल्यानी तेका. मामा मात्र रात्रभर वरसून ठोकी होतो, तो आता खालसून ठोकूक लागलो.”

काळी दोनवरून पांढरी दोनवर येणं हे ऐकायला सोपं वाटतं, कारण पट्टी शेजारचीच. पण सगळी बोटं बदलतात. जिथे काळी होती तिथे पांढरी येते, नेहमीच्या वाटा चुकतात. काही पेट्यांमध्ये पट्टी सरकवण्याची सोय असते, आबांच्या पेटीत ती नाही. त्यात ती फुगलेली पट्टी. एकदा दाबली गेली ती वर येईना, आणि एकच सूर भणभणत राहिला. आबांनी बक्षिसातली दहाची नोट उचलली, घडी केली, पट्टीखाली खुपसली आणि तशीच वाजवली. ती नोट अजून तिथेच आहे. राजाची आहे, परत करायला हवी, असं म्हणाले. कधी, ते नाही म्हणाले.

“पण मामाला खूण करायची होती की हो,” मी म्हटलं. माझं मत अजूनही तेच आहे. शेजारी बसलेल्या माणसानं शेगडीवर हात भाजून घेतले, त्याला एक डोळा मारायला काय जातं?

“खूण केली असती तर मामा माझ्याकडे बघतलो. मामा बघता म्हणान तालरक्षक बघतलो. तालरक्षक बघता म्हणान राजा. आणि राजाक कळला की आपल्यासाठी पट्टी उतरवली, की तो पद म्हणतलो काय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकींकडे होतं.

“मगे सकाळी सांगायचा मामाक!”

“सांगूक गेलंय. तेवड्यात राजा टेम्पोत चढलो आणि म्हणता कसो, ‘आबानू, आज गळो काय मस्त लागलो!’ आता मी थंय काय सांगू?”

वहिनी आता हसल्या, आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिल्या.

नाटकाला जाणाऱ्या माणसांना पेटीवाल्याचं तोंड सहसा आठवत नाही. राजपार्टी कोण होता हे दहा वर्षांनी सांगतील. बाबी नालंग, सुधीर कलिंगण ही नावं तर घराघरांत आहेत. पेटीवर कोण होतं विचारा, “होतो कोणतरी.” २०२५च्या सप्टेंबरात दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ सिनेमा आला तेव्हापासून मुंबईचे पाहुणे मात्र आबांना फोटोसाठी उभे करतात. तेही रंगवलेल्या नटाच्या मागे. आबांना त्याचं काही नाही. पेटीनं याहून मोठे अपमान गिळले आहेत, असं ते म्हणतात. आकाशवाणीनं १९४० साली तिला दार लावून घेतलं ते १९७१ साली किलकिलं केलं. तेवढ्या काळात इथल्या एकाही जत्रेची रात्र पेटीशिवाय गेली नाही, कारण देवळातल्या देवानं आकाशवाणीला विचारलं नव्हतं.

“आणि खरा सांगू काय?” आबांनी पेला पालथा केला. “मामा गप ऱ्हवलो असतो तर दंवानच तेचो पखवाज पांढरी दोनाक हाडल्यान असतो. फुकट शेकवल्यान.”

“ह्या तेका सांगू नको हां,” वहिनी घाईघाईनं म्हणाल्या. “आज रात्री परत शेजाऱ्याक बसाचा आसा दोघांक.”

आज पलीकडच्या गावात कुणाच्या तरी घरी सत्यनारायणाच्या पूजेचं नाटक. आभाळ तसंच. मी परत एकदा कलमांकडे बघितलं आणि पंप उचलावा की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात पाणंदीतून मामाचा धाकटा मुलगा सायकल हातानं ढकलत आला. गडग्याशी येऊन उभा राहिला. आबांकडे बघेना, आत्याकडे बघेना, काकींकडे बघून म्हणाला, “बाबांनी कणीक सांगल्यानी.”

पखवाजाची कणीक नेहमी वहिनींच्या घरून जाते. मामीचं पीठ जाडं पडतं, पुडीवर धरत नाही, असं मामाचं म्हणणं. मामी घरात नसताना तो ते बोलून दाखवतो.

“म्हणजे भांडण मिटलं,” मी म्हटलं.

“मिटला खंयचा!” काकी म्हणाल्या. “पीठ फुकट गावता म्हणान धाडल्यान.”

वहिनी खराटा टाकून आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं, परात वाजली. आबा पायरीवरून उठले, दाराशी जाऊन आत डोकावले आणि म्हणाले, “जरा घट्ट मळ गो. रात्री परत दंव आसा.”

“आणि पट्टी खंयची ती पण सांगान धाड!” काकी गडग्यावरून ओरडल्या.