टूथपेस्टचा उजेड

हेडलाइटची काच पिवळी पडली की आपल्याकडचा पहिला इलाज बेसिनवरच सापडतो: टूथपेस्ट. मुळात ती काच नसतेच, असतं पॉलिकार्बोनेट. वरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी मरतो आणि खालचं प्लास्टिक पिवळटतं. टूथपेस्ट वरवर घासते, थोडे दिवस चकाकी येते. तेवढ्यात गाडी विकून होते. नीट करायचं तर पाणी मारत ८०० ते ३००० नंबरचे पॉलिश पेपर, मग बफिंग, शेवटी अतिनील किरण अडवणारा लॅकर. हा शेवटचा थर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गॅरेजवाला मारत नाही, मालक मागत नाही. आणि एवढ्या खटाटोपाने दिवे लख्ख झालेच, तर अप्पर मारून समोरच्याला आंधळं करायला आपण मोकळे!