टॉवेल समुद्रावर, प्रबंध कपाटात

सोलापूरच्या नवी पेठेतून समुद्र दिसत नाही. पण देश ज्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, त्या तारखेमागचा माणूस सोलापूरचा आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. वालचंद हिराचंद स्वतः त्यात होते.

जन्म १८८२चा, सोलापुरातला. कॉलेज अर्धवट सुटलेलं, धंदा रेल्वेच्या कंत्राटांचा. जहाजबांधणीची पदवी? नव्हती.

जहाज म्हणजे नुसतं लोखंड आणि इंजिन नव्हे, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोळसा कुठे मिळणार, भाडं कोण ठरवणार, विमा कोण उतरवणार, सरकार कोणाच्या बाजूने उभं राहणार, हा सगळा हिशेब एकत्र मांडावा लागतो. ‘लॉयल्टी’ १८९१ साली बांधलेलं, महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेलं जहाज. १९२३ साली ते भंगारात गेलं. वालचंदांची जहाज कंपनी, सिंदिया, मात्र टिकली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला बुडवायचा प्रयत्न केला, तरी टिकली. १९४१ साली विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि १९४८ साली नेहरूंनी तिथे बांधलेलं ‘जलउषा’ जहाज पाण्यात सोडलं.

जयंतीला आपण वालचंदांना हार घालतो. सगळा हिशेब एकत्र मांडायची त्यांची रीत उचलत नाही.

आता आपल्या विद्यापीठांतल्या परिषदांच्या निमंत्रणपत्रिका पाहा. सागरी अभियांत्रिकी, शाश्वतता आणि गुणवत्ता व्यवस्थापन, असा तीन डब्यांचा विषय. निबंधाला लेखक तीन, प्रकरणं तीन. पहिल्यात जहाजाचं इंजिन, दुसऱ्यात हवामानबदल, तिसऱ्यात आयएसओचं प्रमाणपत्र. पहिल्या लेखकाने तिसरं प्रकरण वाचलेलं असतं का?

विचारून पाहा. चहाच्या वेळेत उत्तर मिळेल.

दोष फक्त प्राध्यापकांचा नाही. यूजीसीची २०१८ची नियमावली काढून बघा. निबंधाचे दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनापेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना ३०. म्हणजे तीन विद्याशाखा खरोखर एकत्र आल्या, तर त्यातल्या दोघांची बढती लांबणार. एकत्र काम करा असं भाषणात सांगायचं आणि तक्त्यात गुण कापायचे.

मग शहाणा माणूस काय करेल? एकटाच लिहील.

आणि एकट्याने लिहिलेल्याचं समुद्रावर काय होतं? गंधकाचं उदाहरण घ्या. जहाजांच्या इंधनात ३.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ही मर्यादा ०.५ टक्क्यांवर आणली. बंदरांजवळच्या वस्त्यांची फुप्फुसं वाचावीत म्हणून आणली, आणि ते योग्यच झालं.

पण स्वच्छ इंधन महाग. मग अनेक जहाजांनी धुराड्यात स्क्रबर बसवले. समुद्राचं पाणी घ्यायचं, त्याने धूर धुवायचा आणि ते आम्लयुक्त पाणी पुन्हा समुद्रात सोडायचं. हवा सुधारली. मासे?

सिंगापूरसारख्या बंदराने असं पाणी सोडायला बंदी घातली. पुढची गाठ त्याहून अवघड निघाली. गंधकाच्या धुरामुळे जहाजांच्या वाटेवर समुद्रावरचे ढग जास्त उजळ व्हायचे आणि थोडं ऊन परत फिरवायचे. धूर कमी झाला, ढग फिके पडले आणि झाकून राहिलेली तापमानवाढ उघडी पडू लागली. इंधनवाल्याने इंधन पाहिलं, यंत्रवाल्याने यंत्र. ढगांकडे पाहणारा नियम ठरवणाऱ्यांच्या बैठकीत किती उशिरा आला?

गुणवत्ता व्यवस्थापन म्हणजे फायली आणि सह्या, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खोडायला ६ मार्च १९८७ची रात्र आठवावी. बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट निघाली ती पुढचे दरवाजे उघडे ठेवून. मिनिटांत पाणी शिरलं, बोट आडवी झाली, १९३ माणसं गेली. इंजिन चालू होतं, सांगाडा मजबूत होता. दरवाजा बंद करणारा झोपला होता आणि तो बंद झाला का, हे कोणी पाहिलं नव्हतं.

दरवाजा बंद आहे की नाही हे दाखवणारा दिवा जहाज हाकण्याच्या कक्षात बसवा, अशी मागणी कप्तानांनी आधीच केली होती. कंपनीच्या कार्यालयाने ती बाजूला सारली होती.

दिव्याचा खर्च काढायला कोणती विद्याशाखा लागते? या अपघातानंतर जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता आली आणि १९९८पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. तिच्या कलमांमागे माणसं बुडालेली आहेत. म्हणून त्या सह्या न बघता ठोकणाऱ्याचा राग येतो.

एकत्र काम जमतच नाही, असंही नाही. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. नकाशा नाही, मापं नाहीत, हाती फक्त चित्र. त्यावरून गोव्यात शिवणीचं जहाज बांधलं गेलं. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या केरळच्या कारागिरांनी, पाण्यातल्या चाचण्या आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने घेतल्या, नौदलाने सगळ्यांना एका कामाला जुंपलं आणि संस्कृती मंत्रालयाने पैसा दिला. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ नावाने नौदलात दाखल झालं. डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघालं.

त्या कारागिरांकडे पीएचडी होती का, असं कोणी विचारलं नाही. फळी पाणी अडवते का, एवढंच विचारलं.

‘आमच्याकडे समुद्र नाही’ ही सबबही चालणार नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ सालापासूनचं. देशातल्या बंदरांच्या प्रतिकृती डोंगराच्या पायथ्याशी बांधून तिथे लाटा आणि गाळ तपासतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात, उसाच्या फडांमध्ये, नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स तयार झाले. समुद्र दोघांच्याही दारात नव्हता.

आणि सोलापूरचा माल तर रोज समुद्रात उतरतो. चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. नवी पेठेत गिऱ्हाईक टॉवेल हाताने चोळून, नाकाला लावून घेतं. परदेशातलं गिऱ्हाईकही नाकाला लावतं. फरक एवढाच की मधल्या काळात तो टॉवेल काही आठवडे लोखंडी पेटीत बंद असतो.

त्या पेटीत काय घडतं, हा सोलापूरच्या संशोधकांसाठी तयार असलेला विषय आहे. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. प्रमाणित हवेत कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के. पावसाळ्यात भरलेल्या मालात आणखी जास्त. कंटेनर दिवसा उन्हात तापतो, ओलावा मालातून हवेत येतो. रात्री पत्रा गार पडतो आणि तोच ओलावा छताला आतून थेंब होऊन चिकटतो. थेंब पुन्हा मालावर पडतात. वाहतूकवाले याला ‘कंटेनर रेन’ म्हणतात. वरच्या खोक्यांना डाग, कुबट वास, बुरशी.

माल नाकारला जातो. दोष कोणाचा?

विणणारा म्हणतो, माझा कपडा कोरडा होता. बांधणारा म्हणतो, खोकी मी नीट भरली. जहाज कंपनी म्हणते, पेटीला भोक नव्हतं. विम्याकडे जावं तर १९६३चा सागरी विमा कायदा आडवा येतो. मालाच्या अंगभूत दोषाने झालेलं नुकसान, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, विमा कंपनीवर पडत नाही. कापसाने ओलावा धरणं हा कापसाचा दोष ठरवायचा की पेटीचा? यावर वकील भांडतात, कारण मोजमाप कोणाकडेच नसतं.

२०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपकडे जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. वाट दहा-पंधरा दिवसांनी वाढली, विषुववृत्त दोनदा ओलांडावं लागलं. गरम, मग गार, मग पुन्हा गरम. कंटेनर तोच, पिशवी तीच, ओलावा शोषणाऱ्या पुड्याही तेवढ्याच. वाढलेल्या दिवसांचा हिशेब पॅकिंगमध्ये कोणी धरला का?

बुरशी मारायची तर रसायन घाला, हा सोपा उपाय. तोही जगाने करून पाहिला. सोफ्यांमध्ये आणि बुटांच्या खोक्यांत डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या ठेवल्या गेल्या. लोकांची कातडी भाजल्यासारखी झाली आणि २००९ साली युरोपने त्यावर बंदी आणली. टॉवेलने तर अंगच पुसायचं.

शिवाय नाकारलेला टॉवेल म्हणजे वाया गेलेला सगळा प्रवास. त्याच्या धुलाई-रंगाईचं पाणी, बॉयलरचा धूर, ट्रकचं डिझेल, जहाजाचं इंधन. नळाला पाणी येण्याचे दिवस मोजणाऱ्या शहराने ते पाणी दिलेलं असतं. शाश्वततेवर व्याख्यान देणाऱ्याने या टॉवेलचा हिशेब आधी मांडावा. २०२४ पासून युरोपने सागरी वाहतूकही कार्बनच्या बाजारात ओढली आहे आणि जहाज कंपन्या तो खर्च भाड्याच्या बिलात वेगळा लावतात. सोलापूरचा निर्यातदार तो भरतो.

कार्बनचे पैसे आपण भरतो आणि कार्बनवरचे निबंध मात्र दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या आकड्यांवर लिहितो. हे कसं चालतं?

या एका कंटेनरला किती विभाग लागतील ते बघा. धाग्याचा ओलावा वस्त्र अभियांत्रिकीवाला मोजेल. पत्र्याची उष्णता यंत्र अभियांत्रिकीचा विषय. बुरशीची जात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कळेल. किती खोकी तपासली की खात्री देता येते, हे संख्याशास्त्रज्ञ सांगेल. विम्याचा करार वाणिज्यवाला वाचेल. यातला प्रत्येक माणूस सोलापुरात आहे. अनेकदा एकाच आवारात आहे, फक्त जिने वेगळे आहेत.

पैसा? तापमान आणि आर्द्रता टिपणारं लॉगर नावाचं यंत्र मुठीत मावतं, बॅटरीवर चालतं. एका परिषदेच्या मांडवाच्या, शाली-नारळाच्या आणि जेवणाच्या खर्चात कितीतरी लॉगर येतील. कंटेनरच्या छताशी एक, मध्ये एक, तळाशी एक. माल पोचला की परदेशातल्या खरेदीदाराकडून आकडे मागवायचे. उन्हाळ्यात भरलेला एक, पावसाळ्यात भरलेला एक, थंडीतला एक. वर्षभरात जे हाती लागेल, त्यावरून किती पुड्या घालायच्या, खोक्यांमध्ये हवा कुठून खेळू द्यायची, कोणत्या महिन्यात भरण्याआधी माल किती सुकवायचा, हे कारखानदाराला सांगता येईल. निबंधही होईल, पण तो नंतर.

गुणांचा तक्ता आडवा येईल, हे मान्य. मग विद्यापीठाने सांगावं, की अशा कामात पाच नावं असली तरी आम्ही पाचांनाही पूर्ण श्रेय धरू. निदान आपल्या अंतर्गत पुरस्कारांत, आपल्या संशोधन निधीत तरी. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

परवानगी लागते ती मालाच्या मालकाची. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत भेटतो. रिक्षाने जाता येतं.