मूळ प्रत मिळणार नाही

पेशीच्या केंद्रकातला कारभार वाचायला घेतला की मला तहसील कचेरीतली रेकॉर्ड रूम आठवते. फरक इतकाच, की केंद्रकात काम होतं.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर साधारण दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात कोंबलाय, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. एवढ्याशा खोलीत प्रथिनांच्या सुमारे २० हजार नोंदी लावून ठेवल्या आहेत. प्रथिनं तयार होतात ती मात्र बाहेर, रायबोसोमवर. तरी मूळ दप्तर दाराबाहेर जात नाही. ओळख चालत नाही, वशिला चालत नाही. हवी तर नक्कल घ्या आणि निघा. ही नक्कल म्हणजे आरएनए, आणि ती उतरवून देणारा कारकून म्हणजे आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर.

त्याची कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. दुपेडी डीएनए डझनभर अक्षरांपुरता उकलायचा, एका पेडावरचं अक्षर बघून त्याच्या जोडीचं अक्षर नकलेत लावायचं, एक घर पुढे सरकायचं, मागचं मिटवत जायचं. वेग सेकंदाला काही डझन अक्षरांचा. चुकीचं अक्षर पडलंच तर हा जरा मागे येतो, बिघडलेला तुकडा कापतो आणि पुन्हा लिहायला लागतो. मध्ये थबकेल, पण जागा सोडणार नाही. कारण एकदा उठला, की सोडलं तिथून पुढे सुरू करायची सोयच नाही. पुन्हा पहिल्या ओळीपासून.

आता डिस्ट्रोफिन या स्नायूंमधल्या प्रथिनाची नोंद घ्या. तिचं जनुक २२ लाखांहून जास्त अक्षरांचं. सकाळी सहाला, दूधवाला येतो त्या सुमाराला कारकून लिहायला बसला, तर हातावेगळं व्हायला रात्रीचे दहा वाजतात. सोळा तास! आणि एवढ्या खटाटोपातून शेवटी कामाची उरतात ती १४ हजारांच्या आसपास अक्षरं. बाकीचा मजकूर, लिहिणं चालू असतानाच, दुसरी मंडळी कापून फेकायला लागलेली असतात. नकलेत अशी काटछाट होते हे रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं, तेव्हा भलेभले चक्रावले. कारकुनाची मात्र काही तक्रार नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसावं.

नक्कल बाहेर पोचली की ती तीन-तीन अक्षरांनी वाचतात. अक्षरं चार, म्हणून असे शब्द ६४. त्यातले तीन नुसते ‘थांबा’ म्हणण्यासाठी, बाकीचे २० अमिनो आम्लांच्या वाट्याला. ही लिपी उलगडली त्यात मार्शल निरेनबर्ग यांच्या जोडीला मोठा वाटा हरगोविंद खुराना यांचा. रॉबर्ट हॉली यांच्यासह दोघांना १९६८ चं नोबेल मिळालं. खुरानांचे वडील पंजाबातल्या रायपूर गावचे पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारं जवळजवळ तेवढंच एक घर. तलाठ्याच्या मुलाने सगळ्या सजीवांचं दप्तर वाचावं, हा योग मला फार आवडतो.

या कारकुनाला चिरीमिरी देता येत नाही, पण त्याचा हात धरता येतो. क्षयरोगावरची रिफाम्पिसिन ही गोळी तेच करते. तिने लघवी केशरी होते आणि आधी कुणी सांगितलं नसेल तर पेशंट घाबराघुबरा होऊन डॉक्टरांकडे धावतो. गोळी मात्र तिकडे क्षयाच्या जंतूच्या पॉलिमरेजला जाऊन चिकटलेली असते. दोन-तीन अक्षरं लिहून होतात आणि नकलेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. कामकाज ठप्प. आपल्या पेशीतला कारकून निराळ्या घडणीचा, त्या गोळीचं त्याच्यापुढे काही चालत नाही.

एवढा हुशार कारकून, पण लाखभर अक्षरांमागे एखादी चूक त्याचीही होते, असा ढोबळ हिशेब आहे. पेशी दुभंगताना डीएनएची पुरी प्रत निघते, तेव्हा मात्र दुरुस्त्या धरून शंभर कोटींत एखादीच. हा भेदभाव विचारपूर्वक केल्यासारखा आहे. मूळ दप्तर पुढच्या पिढीकडे जायचं असतं, नक्कल जंतूंमध्ये काही मिनिटं आणि आपल्यात फार तर काही तास, क्वचित दिवस टिकायची. म्हणून नकलेत युरॅसिल हे स्वस्तातलं अक्षर चालतं. दप्तरात त्याच जागी महागडं थायमिन लागतं, कारण तिथलं सायटोसिन हे दुसरं अक्षर बिघडलं की त्याचं युरॅसिल होतं. दप्तरात युरॅसिल दिसलं, की दुरुस्तीवाल्यांना कळतं इथे खराबी आहे.

मूळ कागद जिवापाड जपावा, नक्कल बेताच्या खर्चात काढावी आणि काम झालं की फाडून टाकावी, असा हा रोखठोक कारभार. आपल्याकडे मूळ दाखला कुठे ठेवला ते कुणालाच आठवत नाही आणि त्याच्या झेरॉक्स मात्र प्रत्येक खणात सापडतात. तेव्हा येत्या रविवारी कपाट आवरायला घ्याल तर निदान त्या झेरॉक्स तरी फाडा. पेशी हे काम रविवारवर ढकलत नाही.