नवयंत्रधारी वाचक

ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र नुकतेच हाती पडलेला गृहस्थ म्हणजे नवयंत्रधारी वाचक. किंडल हे असे यंत्र भारतात २०१२ साली विक्रीला आले आणि २०१६च्या अखेरीस त्यावर मराठी पुस्तके रीतसर मिळू लागली. तेव्हापासून हा वर्ग पार्ल्यापासून सदाशिव पेठेपर्यंत आढळतो. वय बहुधा साठीपुढचे, पेशा निवृत्तीचा.

यंत्र तो सहसा विकत घेत नाही. अमेरिकेतला मुलगा सुट्टीवर येताना आणतो, वाय-फायला जोडतो आणि समजावून सांगतो. मुलाचे विमान उडेपर्यंत सगळे समजलेले असते. खाते मुलाच्याच नावावर असल्यामुळे किमती डॉलरमध्ये दिसतात आणि मुलाने घेतलेली वजन घटवण्याची पुस्तके वडिलांच्या यादीत अवतरतात.

पान उलटताना पडदा क्षणभर काळा झाला की तो अमेरिकेला फोन लावतो. वास्तविक त्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असून त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण असतात. विजेच्या इशाऱ्याने हवे ते कण वर येतात आणि वीज थांबली तरी तिथेच राहतात. त्यामुळे एकदा भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. हे कळूनही तो यंत्र रोज रात्री चार्जिंगला लावतो. ‘असू द्यावी भरलेली’ हे धोरण गॅस सिलिंडरसाठी नंबर लावण्याच्या काळातले आहे.

पुढचा टप्पा संग्रहाचा. यंत्रात हजारो पुस्तके मावतात हे कळल्यावर कमी ठेवणे त्याला उधळपट्टी वाटते. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरची जुनी इंग्रजी पुस्तके फुकट, ई-साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तके फुकट. शिवाय शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पीडीएफ येतच असतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचे पान म्हणजे छायाचित्र. सहा इंची पडद्यावर त्यातली अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि अक्षर वाढवण्याची सोय वापरली तरी ढिम्म हलत नाहीत. चिमटीने पान ताणले तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. तो ओढून आणेपर्यंत सुरुवात निसटते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारातला मजकूर अक्षराच्या आकाराप्रमाणे नव्याने मांडला जातो, पण गटावर ईपब कोणी पाठवत नाही.

विकतच्या पुस्तकांचा सुरुवातीचा भाग नमुना म्हणून मोफत मिळतो. हा शोध लागल्यावर तो केवळ नमुनेच वाचतो. लग्नकार्यात कुठल्याही नव्या पुस्तकावर पहिल्या प्रकरणापुरते ठाम मत देतो. तेवढे पुरते, कारण ऐकणाराही बहुधा तिथपर्यंतच पोचलेला असतो. प्रगती सांगताना तो पृष्ठांऐवजी टक्के सांगू लागतो. ‘बारा टक्के झालं’ हे ऐकून कट्ट्यावरचे मित्र मुदतठेवीची चौकशी करतात.

वाचनालयाची वर्गणी मात्र तो थांबवत नाही. दिवाळी अंक आणि भेटीगाठी यांसाठी ती लागतेच.

बदल घडतो तो मोतीबिंदूमुळे. छापील अक्षर दिसेनासे झाले की नातीकडून तो अक्षराचा आकार वाढवून घेतो. ओळीत चार-पाच शब्द मावतात, पान भराभर उलटावे लागते, आणि पुस्तक प्रथमच शंभर टक्क्यांवर जाते. मग तो दुसरे उघडतो. हळूहळू यंत्राविषयीचे बोलणे थांबते आणि तो पुस्तकातल्या माणसांविषयी बोलू लागतो. तिथून पुढे त्याची गणना साध्या वाचकांत करावी.