सत्तर गुणांचं कागदी ॲप

मोबाइल ॲप डेव्हलपमेंटचा लेखी पेपर नेमणाऱ्या, काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर्व मान्यवरांस,



ॲप कॉम्प्युटरवर लिहितात आणि फोनवर चालवून बघतात, असा जगभर एक भाबडा समज आहे. आपण तो मोडीत काढलात, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. महाराष्ट्रात कॉम्प्युटरच्या पदविकेत सहाव्या सत्रापर्यंत तग धरलेला विद्यार्थी तीन तासांत, पेनाने, आखलेल्या कागदावर अँड्रॉइडचं ॲप तयार करतो आणि सत्तरपैकी गुण घेऊन बाहेर पडतो. पोरं या विषयाला आद्याक्षरांवरून ‘मॅड’ म्हणतात. त्यामागे आपला उपमर्द करण्याचा हेतू नसावा. पेपर सगळा मोबाइलवर, आणि त्याच पेपराला खिशात मोबाइल सापडला तर कॉपी केस! वर्षभर नोटिसा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात, फी यूपीआयने जाते, निकाल फोनवरच बघायचा असतो. फक्त मोबाइल शिकायची वेळ आली की तो बॅगेत आणि बॅग वर्गाबाहेर. एवढं वैराग्य भल्याभल्यांना जमलेलं नाही.

आपल्या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण असा की कागद क्रॅश होत नाही. ‘ॲक्टिव्हिटी लाइफसायकल आकृतीसह स्पष्ट करा’ हा आपला लाडका प्रश्न घेऊ. विद्यार्थी पट्टीने चौकटी आखतो, ऑनक्रिएटपासून ऑनडिस्ट्रॉयपर्यंत बाण काढतो, गुण मिळवतो. आता बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो असं एक साधं ॲप खऱ्या फोनवर घ्या. नऊपर्यंत दाबा आणि फोन आडवा करा. आकडा शून्यावर! कारण फोन फिरला की अँड्रॉइड एरवी ती ॲक्टिव्हिटी मोडतं आणि नव्याने उभी करतं. जे जपून ठेवायला सांगितलं नव्हतं ते गेलं. त्या आकृतीचा सगळा अर्थ या एका शून्यात आहे. आकृती दहा वेळा गिरवलेल्या मुलाला ते शून्य एकदाही दिसलेलं नसू शकतं. उत्तरपत्रिका कितीही आडवी करा, आकडा नऊचा नऊच राहतो. परवानग्यांचंही तेच. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा किंवा लोकेशन हवं असेल तर ॲपला वापरणाऱ्याकडे ऐनवेळी मागावं लागतं, आणि तो सरळ ‘नाही’ म्हणू शकतो. आपल्या कागदावर आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेलं नाही. ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये इंटरनेटच्या परवानगीची ओळ राहून गेली तर फोन ॲपला नेटच्या जवळपास फिरकू देत नाही. कागदावर फार तर अर्धा गुण जातो, तोही तपासनिसाला संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपवायचा नसेल तर.

म्हणणं एवढंच आहे. ॲप करणं ही मुळात बिघडलेलं दुरुस्त करण्याची विद्या आहे. लिहायला थोडा वेळ लागतो. ते का चाललं नाही हे शोधण्यात दिवस जातो, आणि शिकणं त्या दिवसात होतं. आपण नेमका तो दिवस वगळून उरलेल्याची परीक्षा घेता. उरतं काय, तर इम्पोर्टच्या ओळी. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲप लिहायचं सॉफ्टवेअर, त्या ओळी आपणहून घालून देतो. धंद्यातला कोणी त्या पाठ करत नाही. आपला विद्यार्थी मात्र त्या पाढ्यांसारख्या घोकतो, कारण त्यांना गुण आहेत. शिवाय पाठ केलेलं बदलत नाही, फोन बदलत राहतात. असिंकटास्क नावाचा क्लास यापुढे वापरू नका, असं गूगलने २०२० साली अँड्रॉइड ११ च्या वेळी सांगितलं. झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सना मात्र असं कोणी काही सांगत नाही.

यावर आपण म्हणाल की लेखी पेपर म्हणजे अर्धीच गोष्ट, प्रॅक्टिकल आहेच की. आहे. सबमिशनच्या आदल्या आठवड्यातला जर्नलांचा एखादा गठ्ठा मात्र जरा निवांत चाळून बघावा. आउटपुट म्हणून चिकटवलेल्या स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात वेळ आणि बॅटरी दिसते. साठ मुलांच्या जर्नलमध्ये दुपारची तीच वेळ आणि बॅटरी तेवढेच टक्के उरलेली, असं आढळलं तर तो योगायोग समजू नये. एकाच्या फोनवर ॲप चाललं, बाकीच्यांनी चाललेल्या ॲपचा फोटो चालवला. व्हायवाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, विचारतात, ‘इंटेंट म्हणजे काय?’ मुलगा पाठ केलेली व्याख्या म्हणतो, सही होते, टर्मवर्क सुटतं. इकडे प्ले स्टोअरचा दरवान बघा. २०२३ च्या नोव्हेंबरनंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यावरून ॲप बाजारात आणायचं तर आधी ते सलग चौदा दिवस वापरून बघणाऱ्यांच्या हाती असावं लागतं. सुरुवातीला असे वीस जण लागत, आता बारा. आपल्याकडे एकाही माणसाने न वापरलेलं ॲप प्रथम श्रेणीत येतं.

आपल्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा समानतेचा आहे, आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. सगळ्यांकडे लॅपटॉप नसतो. असला तरी अँड्रॉइड स्टुडिओ निदान आठ जीबी रॅम मागतो, सोळा असेल तर खूश असतो. थोरल्या भावाच्या चार जीबीच्या मशीनवर एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा लटका फोन, उघडायला घेतला की चहा करून प्यायला वेळ मिळतो. कागद आणि पेन सर्वांना परवडतं, म्हणून पेपर कागदावर. पण कागदाने विषमता मिटते की नुसती दिसेनाशी होते? ज्याच्या घरी बरा लॅपटॉप आहे तो रात्री ॲप मोडत-जोडत बसतो आणि मुलाखतीत फोन काढून दाखवतो. ज्याच्याकडे नाही त्याची सारी भिस्त कॉलेजच्या लॅबच्या तासांवर होती, आणि ते तास आपण लॅब मॅन्युअल भरून घेण्यात घालवले. म्हणजे गुणपत्रिकेत दोघे सारखे झाले, नोकरीच्या रांगेत नाही. गंमत अशी की एम्युलेटरच्या दुखण्यावरचा उतारा आपण वर्गाबाहेर ठेवायला लावलेल्या बॅगेत आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. यूएसबी डिबगिंग चालू करायचं, केबल लावायची. ॲप थेट फोनवर चालतं आणि एम्युलेटरचा भार लॅबच्या मशीनवरून उतरतो.

दुसरा आक्षेप असा की कागदावर तर्क तपासता येतो; मशीन दिलं तर पोरं चॅटजीपीटीकडून सगळं लिहून घेतील. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. कागद मुळात वाईट नाही, त्यावर विचारलेलं वाईट आहे. वीस ओळी छापून द्या आणि विचारा, फोन आडवा केला तर काय होईल, वापरणाऱ्याने परवानगी नाकारली तर कुठे अडेल, ही ओळ खाली नेली तर काय बिघडेल. त्याला पेन पुरतं. आणि दुसऱ्याकडून लिहून घेण्याची एवढी चीड असेल, तर गाईडमधून पाठ केलेला प्रोग्राम तरी कोणाचा असतो? चॅटजीपीटीला निदान घोकावं लागत नाही.

उरला संख्येचा प्रश्न. एवढ्या मुलांचे फोन कोण तपासणार? इथे आपली अडचण खरी आहे. गठ्ठे उचलून नेता येतात, फोन नेता येत नाहीत. पण एक्स्टर्नल दर सत्राला येतातच, लॅब असतेच, व्हायवा होतोच. त्याच भेटीत व्याख्या विचारण्याऐवजी मुलाला त्याच्याच ॲपमध्ये समोर बसून एक बदल करायला सांगावा: हे बटण दोनदा दाबलं तर दोनदा नोंद होऊ नये, एवढं कर. ज्याने ॲप केलंय तो चुकेल, पुसेल, पुन्हा करेल. ज्याने स्क्रीनशॉट चिकटवलाय त्याला कुठून सुरुवात करायची हेच कळणार नाही. त्यासाठी लेखीच्या सत्तरातले तीस गुण इकडे सरकवावे लागतील. बैठका लागतील, परिपत्रक निघेल. अभ्यासक्रमाची स्कीम तर आपण दर काही वर्षांनी बदलताच.

तोवर पेपर असाच चालणार असेल तर एक किरकोळ विनंती. साध्या लॉगिनच्या स्क्रीनचं एक्सएमएल हाताने लिहायचं म्हणजे प्रत्येक चौकटीची रुंदी वेगळी, उंची वेगळी, आणि प्रत्येक ओळीच्या आधी ‘अँड्रॉइड’ हा शब्द नि दोन टिंबं. पानं भराभर संपतात आणि पोरं पुरवणीसाठी हात वर करून ताटकळतात. दोन पुरवण्या आधीच जोडून द्याव्यात.

कळावे,
आपला नम्र,
उत्तरपत्रिकेत आउटपुट शोधणारा एक वाचक